फॉरेन्सिक टॉक्सिकॉलॉजीत पुढे शिकायचं आहे: एम.एस्सी. फॉरेन्सिक घेऊ की ॲनालिटिकल केमिस्ट्री?

कपाशीपट्टा (प्रश्न)

नमस्कार. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. गाव अकोला जिल्ह्यात. वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे डब्यांवरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण मी अक्षरं वाचायला लागायच्या आधीपासून ओळखते. लाल त्रिकोण म्हणजे शरीराच्या वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रा पोटात गेली तरी प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. तेव्हापासून फॉरेन्सिक टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे न्यायालयासाठी विषं शोधण्याचं शास्त्र, हा विषय डोक्यातून जात नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर आमच्या गावातला एक माणूसही फवारताना पडला आणि दवाखान्यात काही दिवस काढून वारला. दोन एकर स्वतःची, बाकी लोकांच्या वावरात फवारणीची मजुरी. त्याच्या बायकोला शेतकरी अपघात विम्याच्या अर्जासाठी व्हिसेराचा (शवविच्छेदनात तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांचा) अहवाल लागत होता. अहवाल आला, त्यात लिहिलेलं: विष आढळले नाही. औषध आमच्याच दुकानातून गेलं होतं, बिलाची प्रत आमच्याकडे होती. मग ते गेलं कुठे? बाबांना विचारलं, सरांना विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही. मला हेच शिकायचं आहे.

आता प्रश्न. एम.एस्सी. फॉरेन्सिक सायन्स घ्यावं की ॲनालिटिकल केमिस्ट्री घेऊन नंतर या क्षेत्रात यावं? महाराष्ट्रात नोकऱ्या कशा निघतात? परदेशी जाण्यात अर्थ आहे का? आणि आई म्हणते, मुलीने दिवसभर मढ्याच्या आतड्यांत हात घालायचं काम करू नये. तिला काय सांगू?

चौथं_सेम

मी नागपूरला एम.एस्सी. फॉरेन्सिक सायन्स करतेय, शेवटचं सेमिस्टर. पूर्ण उत्तर मोठी माणसं देतील, मी फक्त आईच्या प्रश्नाचं देते, कारण माझी आई पण हेच म्हणायची.

आमच्या वर्गात मुली मुलांपेक्षा जास्त आहेत. विद्यार्थ्यांच्या हातात खऱ्या केसचा व्हिसेरा सहसा देतच नाहीत, तो न्यायालयाचा मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा, असतो. आपण काम करतो खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या काळजावर (यकृतावर) किंवा मुदत संपलेल्या रक्तपेढीच्या रक्तावर, त्यात औषध मिसळून. पुढे प्रयोगशाळेत नोकरी लागली की खरं साहित्य येतं, तेही फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे-मास्क घालून. वास येतो, नाकारत नाही. पहिला आठवडा जेवण जात नाही, मग जातं. ॲडमिशन झाल्या झाल्या हेपॅटायटिस बी ची लस पूर्ण करून घे, तिचे डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात, उगाच टाळाटाळ नको.

एक सावधगिरी. काही खासगी ठिकाणी माहितीपत्रकात जीसी-एमएसचा (नमुन्यातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्राचा) फोटो असतो आणि मशीन बंद असतं. प्रवेशाआधी जाऊन मागच्या बॅचच्या मुलांना विचार: तुम्ही स्वतःच्या हाताने मशीनमध्ये नमुन्याची किती इंजेक्शनं मारली?

जुनी_विश्लेषक

कपाशी, माझी सगळी नोकरी राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत गेली, त्यातली बहुतेक विषशास्त्र विभागात. निवृत्त झाले आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. आधी तुझ्या गावच्या त्या अहवालाबद्दल, कारण कोर्स कुठला घ्यावा याचं उत्तर मला त्यातूनच देता येईल.

'आढळले नाही' याचा अर्थ 'नव्हते' असा नाही. पाठवलेल्या नमुन्यात, केलेल्या तपासण्यांत, त्या तपासण्यांची पोहोच होती तिथपर्यंत दिसलं नाही, एवढंच ते वाक्य सांगतं. ती केस मी पाहिलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल निकाल देणार नाही. पण फवारणीच्या केसमध्ये असं का होतं ते सांगते.

पोलीस हवालदार खोकं घेऊन येतो. आत रुंद तोंडाच्या बरण्या. एकीत जठर, त्यातला ऐवज आणि लहान आतड्याचा तुकडा. दुसरीत यकृत, मूत्रपिंडं, प्लीहा. एका बाटलीत रक्त. आणि एका बाटलीत नुसतं मिठाचं संपृक्त द्रावण, ज्यात हे अवयव ठेवले तेच. ही शेवटची बाटली नवीन मुलांना निरुपयोगी वाटते. विष त्या मिठातूनच आलं नाही हे दाखवायला तिच्याशिवाय दुसरं काही नसतं. लाखेवरचा ठसा पोलिसांच्या पत्रावरच्या नमुन्याशी जुळवायचा, मगच बरणी उघडायची.

पोटात घेतलेलं विष जठरात सापडतं. फवारताना मात्र औषध कातडीतून आणि श्वासातून जातं, जठर स्वच्छ असतं. त्यात माणूस दवाखान्यात चार-पाच दिवस काढतो, ॲट्रोपिन हा उतारा चालू असतो, आणि तेवढ्यात यकृत त्या औषधाचे तुकडे पाडून लघवीवाटे बाहेर टाकतं. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मूळ रूपात उरत नाही, त्याचं ट्रायक्लोरोपिरिडिनॉल लघवीत असतं. आणि लघवी आमच्याकडे पाठवलेलीच नसते. भरती झाल्यावर घेतलेलं पहिलं रक्तही नसतं.

आता रसायनशास्त्राचा भाग, तो नीट वाच. पत्रात नुसतं 'विषारी औषध' लिहिलेलं असलं की विश्लेषक ठरलेल्या वाटेने जातो. यकृत निर्जल सोडियम सल्फेटबरोबर खलात घोटायचं, हेक्झेन या द्रावकाने विष काढून घ्यायचं, गाळून आटवायचं, टीएलसी प्लेटवर (मिश्रणातली रसायनं वेगळी करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) ठिपका द्यायचा, प्लेट चालवून पॅलेडियम क्लोराइडचा फवारा मारायचा. गंधक असलेलं ऑरगॅनोफॉस्फेट (फॉस्फरसयुक्त कीटकनाशक) असेल तर पिवळट-तपकिरी डाग उमटतो. आता यातून मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पाठव. ते पाण्यात सहज मिसळणारं, हेक्झेनमध्ये धड येत नाही. त्याच्या रेणूत गंधक नाही, म्हणून त्या फवाऱ्याला रंगही देत नाही. काम प्रामाणिकपणे केलं, नोंदी चोख ठेवल्या, तरी प्लेट कोरी. ज्याला रेणू डोळ्यांसमोर दिसतो तो दुसरा द्रावक घेतो, दुसरा फवारा घेतो, नमुना एलसी-एमएसवर (पाण्यात विरघळणारी रसायनंही ओळखणाऱ्या यंत्रावर) नेतो. तुमच्या दुकानातलं ते बिल तपास अधिकाऱ्याने पत्राला जोडलं असतं, तर विश्लेषकाला पहिल्याच दिवशी कळलं असतं की काय शोधायचं आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रसायनशास्त्र पक्कं कर. कागदावर पदवी फॉरेन्सिकची असो की ॲनालिटिकलची, ध्रुवीयता, पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा), निष्कर्षण, वर्णलेखन (क्रोमॅटोग्राफी) हे तुझ्या हातात मुरलेलं हवं. आम्ल माध्यमातून काय निघतं आणि अल्कलीत काय, ही विभागणी बेल्जियमचे रसायनशास्त्रज्ञ स्टास यांनी १८५०-५१ मध्ये बोकार्मे या खुनाच्या खटल्यात मृताच्या अवयवांत निकोटिन शोधताना बसवली. आजची मशीनं कितीही महाग असली तरी त्यांच्यात घालायचा नमुना अजून त्याच तत्त्वाने तयार होतो.

दुसरी गोष्ट, जी फॉरेन्सिकच्या अभ्यासक्रमातच शिकायला मिळते: आकड्याचा अर्थ लावणं. एक उदाहरण देते. विहिरीतून काढलेला कुजलेला मृतदेह, रक्तात अल्कोहोल. विमा कंपनीचं म्हणणं, दारू पिऊन पडला, पैसे देणार नाही. मला साक्षीला बोलावलं. तसा आमचा अहवाल पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ खाली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली साक्षीशिवायही पुराव्यात वाचता येतो, पण न्यायालय हवं तेव्हा समन्स काढू शकतं. वकिलांनी विचारलं, हे अल्कोहोल मेल्यावर तयार झालं असेल का? मी म्हटलं, हो, होऊ शकतं. कुजताना जिवाणू साखरेपासून एथेनॉल करतात. या माणसाच्या आलेखात एथेनॉलच्या शेजारी एन-प्रोपॅनॉलचं लहान शिखर आहे, ती कुजण्याची खूण असू शकते. रक्ताच्या बाटलीत जिवाणूंना थांबवणारं सोडियम फ्लुओराइड होतं की नाही याची नोंद नाही. डोळ्यातला द्रव, जो उशिरा कुजतो, तो पाठवलेला नाही. त्यामुळे हा माणूस प्यायला होता असं मी सांगू शकत नाही. न्यायाधीशांनी ते शब्दशः उतरवून घेतलं.

आमच्या विभागात अंतर्गत मानक (तुलनेसाठी नमुन्यात मुद्दाम घातलेलं रसायन) म्हणून एन-प्रोपॅनॉल न वापरता टी-ब्युटॅनॉल वापरायचो ते यासाठीच. नाहीतर कुजण्याची खूण आपणच घातलेल्या शिखराखाली दडून जाते. असं बारीकसारीक पुष्कळ आहे: हृदयातलं रक्त आणि मांडीतल्या शिरेतलं रक्त यांत एकाच औषधाचं प्रमाण वेगळं येतं, कारण मृत्यूनंतर औषध अवयवांतून रक्तात परत झिरपतं. शवविच्छेदनात रक्त कुठून घेतलं हे लिहिलेलं नसेल तर आकडा जवळजवळ निरर्थक.

उलट टोकाचं उदाहरण आपल्याच पुण्याचं आहे. डॉ. अनंत लागू खटला. १९५६ च्या नोव्हेंबरात लक्ष्मीबाई कर्वे रात्रीच्या गाडीने त्यांच्याबरोबर पुण्याहून मुंबईला निघाल्या, सकाळी बेशुद्धावस्थेत जी. टी. रुग्णालयात पोचल्या आणि गेल्या. रासायनिक तपासणीत विष आढळलं नाही. तरीही आजूबाजूच्या परिस्थितीवरून गुन्हा सिद्ध धरला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने शिक्षा कायम ठेवली. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं. तो निकाल तू मुळातून वाच, बहुमताचा आणि विरोधी दोन्ही. तपासणीत विष सापडत नाही तेव्हा न्यायालय कसा विचार करतं हे मला कुठल्याही वर्गापेक्षा त्यातून जास्त कळलं.

आता व्यवहाराचं. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, त्यांचं शुल्क खासगीपेक्षा बरंच कमी. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या कायद्याने केंद्रीय झालं, त्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, गोव्यातही कॅम्पस आहे. मध्य प्रदेशात सागर विद्यापीठाचा विभाग देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी. राज्याच्या प्रयोगशाळांचं मुंबईतलं कलिना हे मुख्यालय आणि नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर अशा प्रादेशिक प्रयोगशाळा. वैज्ञानिक सहायक हे पद पदवीवर मिळू शकतं, त्याची भरती या प्रयोगशाळांचं संचालनालय काढतं. सहायक रासायनिक विश्लेषक एमपीएससीतून. जाहिरातीतली पात्रतेची ओळ शब्द न् शब्द वाचायची. कधी कुठल्या विषयाची पदवी चालेल ते तिथेच ठरतं, आणि नुसत्या 'फॉरेन्सिक' नावाच्या पदवीवर हुरळून गेलेली मुलं तिथे अडकलेली मी पाहिली आहेत. कंत्राटी जागा बऱ्याच असतात, हेही मनात धरून चाल.

नव्या संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञाने जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. माणसं लागणार हे नक्की. मात्र ती घटनास्थळावरची माणसं असतील, विभागात बसून यकृत घोटणारी तितकीच वाढतील असं समजू नकोस.

ॲनालिटिकल घेतलंस तर नोकरीची दारं जास्त उघडी राहतात: औषध कंपन्या, अन्न प्रयोगशाळा, कीटकनाशक अवशेषांची तपासणी, दिल्लीची डोप चाचणी प्रयोगशाळा. घरची परिस्थिती थांबण्यासारखी नसेल तर ते घे आणि प्रबंध विषशास्त्रातला कर. थांबता येत असेल आणि शासकीय संस्थेत प्रवेश मिळत असेल तर फॉरेन्सिक घे. तुझी पोस्ट वाचून मला वाटतं तू फॉरेन्सिक घ्यावंस.

ओहायोकर

परदेशाबद्दल थोडंसं. मी इथे एका खासगी विषशास्त्र प्रयोगशाळेत आहे. अमेरिकेत या कामाचे तीन भाग पडतात: मृत्यूनंतरची तपासणी, गाडी चालवणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी, आणि नोकरीसाठीची लघवीची चाचणी. शिकायला उत्तम आहे. पद्धत वैध ठरवण्याचे लेखी मानक असतात आणि ते पाळल्याशिवाय एकही नमुना पुढे जात नाही. फेंटानिल या नशेच्या औषधाच्या जातकुळीतली नवी रसायनं इतक्या वेगाने येतात की संदर्भ मानक (तुलनेसाठीचा शुद्ध नमुना) विकत मिळायच्या आत ती रस्त्यावर असतात.

पण सरकारी मेडिकल एक्झामिनरच्या (संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या डॉक्टरच्या) प्रयोगशाळांत बऱ्याच जागांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. खासगी प्रयोगशाळा व्हिसासाठी क्वचितच पुढे येतात. लाखांनी कर्ज काढून फक्त मास्टर्ससाठी येणार असाल तर मी नको म्हणेन. पीएच.डी.ला पूर्ण शिष्यवृत्ती मिळत असेल तर जरूर या. फ्लोरिडा विद्यापीठाचं ऑनलाइन मास्टर्स आहे, आधीच प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला ते उपयोगाचं. हात बसायचा असेल तर ऑनलाइनने बसत नाही.

मॅडमनी कीटकनाशकांचं जे लिहिलं ते इथल्या माझ्या सहकाऱ्यांना जवळजवळ अनोळखी आहे. वर्षानुवर्षं काम करून त्यांनी ऑरगॅनोफॉस्फेटची केस पाहिलेली नसते. त्या विषांचा अनुभव हवा असेल तर तो विदर्भातच मिळेल.

कपाशीपट्टा

मॅडम, मोनोक्रोटोफॉसचं वाचून मी दुकानातली जुनी बिलं काढली. त्या माणसाने काय नेलं होतं ते इथे लिहीत नाही, पण तुम्ही म्हणता ते मला आता समजतंय.

दोन गोष्टी विचारते. प्रबंधासाठी असा विषय आहे का जो आमच्या भागाला उपयोगी पडेल आणि साध्या सामानात होईल? आणि बाबांनी विचारलंय, दुकानदार म्हणून आम्ही काय करू शकतो?

जुनी_विश्लेषक

प्रबंधाचा विषय देते. बकऱ्याचं ताजं काळीज घे, एकसारखं वाटून घे, त्यात मोनोक्रोटोफॉस आणि क्लोरपायरीफॉस ठरावीक प्रमाणात मिसळ. काही भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेव, काही तसाच. काही खोलीच्या तापमानाला, काही फ्रिजमध्ये. ठरलेल्या अंतराने काढून किती उरलं ते मोज, आणि दरवेळी हेक्झेन आणि एथिल ॲसिटेट दोन्हींनी काढून बघ. खोलीचं तापमान म्हणजे अकोल्याचं मे महिन्यातलं, वातानुकूलित प्रयोगशाळेचं नव्हे. आपल्याकडे पोलीस ठाण्यात बरण्या कधी कधी आठवडे पडून राहतात, तेव्हा आत काय होतं याचे आपल्या हवामानातले आकडे तपास करणाऱ्याला आणि विश्लेषकाला दोघांनाही लागतात. मुख्य म्हणजे कोरं काळीज, औषध न मिसळलेलं, प्रत्येक फेरीत सोबत चालव. आणि औषध दुकानातल्या डब्यातलं घेऊ नकोस, प्रमाणित संदर्भ मानकच घे. डब्यात द्रावक आणि इतर मिश्रण असतं, मोजमाप बिघडतं.

बाबांना सांग: विषबाधा झाली की डबा फेकू नका, तोच डबा लेबलसकट दवाखान्यात घेऊन जा, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला विकतानाच सांगायचं. लेबलवर रसायनाचं नाव आणि उतारा दोन्ही छापलेलं असतं. कुणी दगावलंच तर बिलाची प्रत स्वतःहून तपास अधिकाऱ्याला द्यायची आणि पोच घ्यायची. डॉक्टरांकडे नातेवाइकांनी दोन गोष्टी मागायच्या: भरती करतानाचं पहिलं रक्त आणि पहिली लघवी जपून ठेवा, आणि कोलिनएस्टरेजची (ही औषधं रक्तातलं जे विकर बंद पाडतात त्याची) तपासणी करून केसपेपरवर लिहा. पोटातलं धुऊन काढलं असेल तर ते पहिलं पाणीही सीलबंद ठेवायला सांगा. कोलिनएस्टरेज खूप उतरलेलं केसपेपरवर असेल, तर पुढे व्हिसेरात काही सापडलं नाही तरी कुटुंबाच्या हातात दाखवायला एक कागद राहतो.

त्या बाईंचा अर्ज फेटाळला असेल तर त्यांच्याकडे केसपेपर अजून आहे का ते आधी बघ. असेल तर त्याची प्रत, तुमचं बिल आणि शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जा. मृत्यू कुठल्या साली झाला आणि अर्ज कधी केला ते मला कळव, पुढचा मसुदा मी लिहून देते.